सर्वांत मंद वेग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी एका हाताने तालीम चालवली आणि दुसऱ्या हाताने वाचनालय. पुस्तकांतल्या आणि पडद्यावरच्या लढवय्यांविषयी बोलायला याहून योग्य व्यासपीठ मला मिळालं नसतं. विषयपत्रिकेत ‘काल्पनिक योद्ध्यांचा वेग’ असं वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांना एवढंच सांगतो, की आपण व्यासांपासूनच सुरुवात करणार आहोत. पण त्याआधी वाटेत एका शर्यतीपाशी थांबू.

सुपरमॅन जास्त वेगवान की फ्लॅश, हा वाद कॉलेजच्या कट्ट्यांवर अजून मिटलेला नाही. १९६७ साली ‘सुपरमॅन’ मासिकाच्या १९९ व्या अंकात या दोघांची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यतच लावण्यात आली. निमित्त संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीचं. जुगाऱ्यांच्या दोन टोळ्यांनी पैजा लावल्या, वाटेत घातपात केले आणि शेवटी शर्यत बरोबरीत सुटली. प्रकाशकाची अडचण उघड होती. दोन्ही नायक घरचेच, मग कोणाच्या वाचकाला दुखवायचं? पण घटकाभर समजा, एक जण जिंकला असता. त्यातून काय सिद्ध झालं असतं? त्याचे पाय जास्त पळतात, एवढंच. समोरासमोर उभे ठाकल्यावर कोणाचा ठोसा आधी बसेल, कोणाला दुसऱ्याचा ठोसा आधी दिसेल आणि मारायचं की सोडून द्यायचं हे कोण आधी ठरवेल, यांतलं काहीही त्या शर्यतीने सांगितलं नसतं.

‘कोण वेगवान?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘कशात?’ हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. लढणाऱ्या पात्राचे निदान चार वेग असतात: चालीचा, हाताचा, नजरेचा आणि निर्णयाचा. ते एकमेकांना बांधलेले नसतात. आणि आज माझं म्हणणं एवढंच आहे, की योद्धा त्याच्या सर्वांत मंद वेगाइतकाच वेगवान असतो. गोष्टही त्या मंद वेगापाशीच घडते.

आता व्यासांकडे वळू. आदिपर्वातला एकलव्य आपल्याला शाळेपासून माहीत असतो, पण वेगाच्या अंगाने ती गोष्ट आपण क्वचित वाचतो. पांडव शिकारीला गेले आहेत. त्यांचा कुत्रा रानात भरकटतो आणि एकलव्याला पाहून भुंकायला लागतो. कुत्र्याचं तोंड भुंकताना कितीसं उघडं राहतं? तेवढ्यात त्यात सात बाण जातात, जणू एकाच वेळी सोडलेले. कुत्रा तसाच पांडवांकडे परत येतो. इथे कवीचं कसब बघा. पांडवांनी धनुर्धर अजून पाहिलेलाच नाही. नुसती बाणांची अवस्था पाहून ते त्याचे दोन गुण ओळखतात आणि त्यांची स्तुती करतात: आवाजावरून वेध घेण्याची शक्ती आणि हस्तलाघव, म्हणजे हाताची चपळाई. घटनास्थळ पाहून गुन्हेगाराचं वर्णन करणाऱ्या तपास अधिकाऱ्याची ही रीत आहे.

पुढे द्रोणांनी अंगठा मागितला आणि एकलव्याने तो दिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचं वाक्य मात्र सहसा कोणी सांगत नाही. एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण त्याची पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असं महाभारत सांगतं. त्याचा नेम गेला असं तिथे म्हटलेलं नाही. त्याची विद्या शाबूत होती, कानही शाबूत होते. गेला तो हाताचा वेग, आणि तेवढा गेल्यावर अर्जुन निश्चिंत झाला. द्रोण कसलेले गुरू होते. चार वेगांतला नेमका कोणता काढून घेतला की शिष्य दुसऱ्या क्रमांकावर जातो, हे त्यांना पुरतं कळत होतं. त्या गुरुदक्षिणेचं क्रौर्य या हिशेबीपणात आहे.

चालीचा वेग वेगळा, हेही महाभारताला माहीत आहे. जयद्रथवधाच्या दिवशी सूर्यास्ताची मुदत डोक्यावर आहे आणि जयद्रथ सैन्याच्या पार मागे दडलेला आहे. त्या दिवशी कृष्ण रथ असा हाकतो, की अर्जुनाने कोसभर पुढे सोडलेले बाण शत्रूला लागेपर्यंत रथच कोसभर पुढे निघून गेलेला असतो. अतिशयोक्ती खरीच, पण ती कोणाच्या वाट्याला दिली आहे ते पाहा. तो वेग सारथ्याचा आणि घोड्यांचा. अर्जुनाचा हात हा निराळा विषय. म्हणूनच त्याच दिवशी ऐन रणात घोडे थकतात, तहानलेले असतात, अंगात बाण रुतलेले असतात. आणि अर्जुन जमिनीवर उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाणाने जलाशय निर्माण करतो, कृष्ण घोड्यांना पाणी पाजतो. हाताला थकवा नाही, नजरेला नाही. त्या दिवशीचा सर्वांत मंद वेग घोड्यांचा आहे, आणि त्या दिवसाच्या कथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग बरोबर तिथेच उभा राहतो.

चालीचा वेग आणि लढण्याचा वेग यांची गल्लत आजच्या चर्चांमध्ये सर्रास होते. अमुक पात्र एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर तासाभरात उडत गेलं, म्हणजे त्याचा ठोसाही त्याच वेगाचा, असा हिशेब मांडला जातो. लढाऊ विमानाचा वैमानिक आवाजाच्या दुप्पट वेगाने उडतो. म्हणून त्याचा हात त्या वेगाने चालतो का? लांबच्या प्रवासात वेग वाढवायला भरपूर वेळ मिळतो, वाट बहुधा सरळ असते, मध्ये कोणी डाव टाकत नाही. हनुमानाने शंभर योजनांचा समुद्र एका उड्डाणात ओलांडला; पण लंकेत पोचल्यावर तो त्या वेगाने सीता शोधत नाही. दालनामागून दालन पाहतो, थांबतो, चुकीचे तर्क करतो, खचतो. शोधाला पायांचा वेग कामाला येत नाही.

या गल्लतीचं उत्तम उदाहरण, आणि उत्तरही, जपानमध्ये सापडतं. मासामी कुरुमादा यांची ‘सेंट सेया’ ही चित्रमालिका १९८५ च्या अखेरीस सुरू झाली. तिच्यातल्या योद्ध्यांची उतरंडच वेगावर रचलेली आहे. कांस्य कवचाचे योद्धे आवाजाच्या वेगाने वार करतात, रजत कवचाचे त्याच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत आणि सुवर्ण कवचाचे थेट प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. आता कथेतला पेच पाहा. नायिकेच्या छातीत सोन्याचा बाण रुतला आहे आणि तिला वाचवायला कांस्य योद्ध्यांना डोंगरावरची बारा मंदिरं ओलांडून माथ्यावर पोचायचं आहे. मुदत बारा तासांची. आवाजाच्या वेगाचे हे वीर एक डोंगर चढायला बारा तास घेतात, धापा टाकतात, पायऱ्यांवर कोसळतात.

खवचट वाचक इथे हसतो. पण लेखकाच्या पदरात ढोबळ चूक टाकण्याआधी एक शक्यता तपासावी. तो वेग वाराचा आहे, मुठीचा आहे, पायांचा नाही. एवढं मान्य केलं की डोंगर उभा राहतो, घड्याळ टिकटिकायला लागतं आणि प्रत्येक मंदिराच्या दारातला सुवर्ण योद्धा खरा अडथळा ठरतो. पायही मुठीइतकेच वेगवान असते, तर ही कथा पहिल्याच पानावर संपली असती.

हात आणि पाय यांची अशी फारकत निसर्गातही आहे. मँटिस श्रिम्प हा कोळंबीसारखा दिसणारा समुद्री प्राणी. त्याच्या पुढच्या अवयवाचा तडाखा पाण्यात सेकंदाला सुमारे २३ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या पुढे मोजला गेला आहे. त्याने शंखशिंपले फुटतात. पण हा प्राणी त्या वेगाने पोहत नाही, आणि तडाखा दुसऱ्या दिशेला हवा असं मध्येच त्याला वाटलं तरी उपयोग नसतो. स्नायूंनी आधी ताण साठवायचा, अडसर लावायचा आणि मग एकदम सोडायचा, अशी ती यंत्रणा आहे. सुटला की सुटला. म्हणजे हाताच्या वेगातही दोन प्रकार आले: दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा एकच सणसणीत वार, आणि वारामागून वार करत राहण्याची, मध्येच दिशा बदलण्याची चपळाई. एकलव्य दुसऱ्या प्रकारचा.

आणि ताकद वाढली की वेग वाढतोच, असंही नाही. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मध्ये ट्रंक्स नावाचा योद्धा सेल या शत्रूशी लढताना आपली शक्ती अफाट फुगवतो. दंड दुप्पट होतात. पण एकही ठोसा सेलला लागत नाही. अखेर सेलच त्याला शिकवणी दिल्यासारखं सुनावतो, की एवढ्या मांसाच्या ओझ्याने तुझा वेग गेला, आता ही ताकद कोणावर चालवणार? आपल्या मातीतलं सांगायचं तर पट्टा बघा. मर्दानी खेळातल्या या शस्त्राला कोपरापर्यंत येणारी लोखंडी खोळ असते आणि तिच्यात मनगट जखडलेलं असतं. तलवारीसारखं मनगट वळवून तो फिरवता येत नाही. वेग खांद्यातून, कमरेतून, पायांच्या फेऱ्यातून आणावा लागतो. ऐतिहासिक कादंबरीत ‘विजेच्या वेगाने पट्टा फिरला’ असं वाक्य आलं की मला लेखकाला विचारावंसं वाटतं, की विजेचं राहू द्या, त्या वेळी मावळ्याची कंबर कुठे होती?

आता तिसरा वेग, नजरेचा. इथे सगळ्यांचा आवडता प्रसंग येतो, तो गोळी चुकवण्याचा. नायकाने गोळी चुकवली, म्हणजे तो गोळीपेक्षा वेगवान, असं आपण सहज म्हणून जातो. जरा अंकगणित करू. पिस्तुलाची गोळी सेकंदाला ३५० मीटर जाते असं धरू. समोरचा दृश्य इशारा पाहून हालचाल सुरू करायला साध्या माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. बर्लिनला २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा बंदुकीचा इशारा ऐकून त्याचे पाय हलायला ०.१४६ सेकंद लागले होते. गोळी चुकवायला अंग ३० सेंटिमीटर सरकवणं पुरेसं आहे असं मानू.

गोळी १४० मीटरवरून आली, तर पोचायला ०.४ सेकंद घेते. ठिणगी दिसताच माणूस हलला, तर ०.२ सेकंद दचकण्यात जातात आणि ०.२ सेकंद उरतात. तेवढ्यात ३० सेंटिमीटर सरकायला ताशी साडेपाच किलोमीटरचा वेग लागतो. म्हणजे भरभर चालण्याचा! आता पिस्तूल ७ मीटरवर आणा. हातात ०.०२ सेकंद. डोळ्यांनी शून्य वेळ घेतला असं धरलं, तरी अंगाला जागच्या जागी ताशी ५४ किलोमीटरचा वेग हवा. बोल्टचा धावतानाचा कमाल वेग ताशी ४४ च्या आसपास होता. आकडा मोठा आहे, पण गोळीच्या ताशी १२६० किलोमीटरच्या तो जवळपासही नाही. सात मीटरवरचं खरं आश्चर्य नायकाच्या अंगात नाही. पाहणं आणि हलणं यांच्यामधला वेळ त्याने जवळजवळ पुसून टाकला, यात आहे. गोळी मुठीत पकडायची असेल, तर मात्र हाताला गोळीचाच वेग गाठावा लागेल. चुकवणारा आणि पकडणारा हे दोन वेगळे वीर आहेत.

तिसराही एक असतो. तो गोळीकडे पाहतच नाही. समोरच्याचा खांदा, नळीचा रोख, चापावरचं बोट पाहतो आणि गोळी सुटण्याआधी बाजूला होतो. त्याने चुकवला तो नेम. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला. तो फलंदाजापर्यंत पोचायला ०.४ सेकंदांच्या आसपास लागतात. नुसता चेंडू पाहून खेळायचं म्हटलं तर बॅट वेळेवर खाली येणं मुश्कील. फलंदाज धावत येणारा गोलंदाज वाचतो, मनगट वाचतो. पात्राने गोळी चुकवली की चेंडू, ठिणगी पाहून की मनगट पाहून, हे लेखकाला ठाऊक असलं पाहिजे. वाचकाला सांगितलं नाही तरी चालेल.

क्विकसिल्व्हर नावाचं एकच पात्र दोन चित्रपटांत दोन तऱ्हांनी आलं. ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये, २०१४ साली, स्वयंपाकघरात गोळ्या सुटतात आणि त्याच्यासाठी जग थांबतं. भिंतीवरून धावत तो येतो, तरंगणाऱ्या रश्शाची चव घेतो, गोळ्यांना बोटाने हलकेच बाजूला सारतो. इथे पाय, हात, नजर, तिन्ही एकाच पट्टीत आहेत. शिवाय चेष्टा करायलाही वेळ आहे. दुसऱ्याच वर्षी ‘ॲव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये दुसऱ्या निर्मात्यांचा क्विकसिल्व्हर एका मुलाला आणि हॉकआय या साथीदाराला वाचवायला मध्ये येतो आणि गोळ्यांनीच मरतो. पहिला प्रसंग आपण हसत परत परत पाहतो. दुसऱ्या वेळी पोटात खड्डा पडतो, कारण त्या धावण्याला शेवट आहे.

ज्याचे चारही वेग अमर्याद असतात, त्याचं लेखकाला ओझं होतं. १९५६ साली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात बॅरी ॲलन नवा फ्लॅश झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासमोर कॅप्टन कोल्ड आला. हातात गोठवणारी बंदूक असलेला साधा चोर. असा चोर पहिल्याच चौकटीत पकडला जायला हवा. तो जात नाही, कारण पानं भरायची असतात. मग फ्लॅशला गाफील राहावं लागतं, बोलत बसावं लागतं. मंद दुवा लेखकाने ठरवला नाही, तर कथा नायकाच्या बुद्धीलाच मंद करते. जागच्या जागी अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होणाऱ्यांना तर मी वेगवानांत धरतच नाही. ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू ते तंत्र वापरतो तेव्हा त्याने अंतर कापलेलंच नसतं, आणि मधलं अंतर नाही तिथे वेग कशाचा मोजायचा?

राहिला निर्णयाचा वेग. आपला फास्टर फेणे आठवा. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा सायकलवर सुसाट असतो, पण त्याचा खरा वेग डोक्याचा. हाडकुळा आहे, बदमाशाच्या हाती मनगट सापडलं तर सुटणं कठीण. म्हणून त्याला आधी ओळखावं लागतं, आधी निघावं लागतं.

या वेगाचा सर्वांत बारीक अभ्यास मला जिन योंग यांच्या चिनी कादंबरीत दिसतो. १९६७ ते १९६९ या काळात ती हाँगकाँगच्या ‘मिंग पाओ’त क्रमशः आली. तिचा नायक लिंगहू चोंग दुखापतीने आतून पोखरलेला आहे, अंगात बळ नाही. पण त्याला नऊ तलवारींची अशी विद्या मिळालेली असते, की समोरच्याच्या प्रत्येक डावातली फट आधी दिसते. तो मागाहून निघतो आणि आधी पोचतो. आपल्याकडच्या वस्तादांना हे समजावून सांगायला नको. डाव पडायच्या आधी त्याची तोड ज्याच्या अंगात असते, त्याला घाई करावी लागत नाही.

त्याच कादंबरीत याच्या उलट टोकाला डोंगफांग बुबाई आहे. शस्त्र म्हणून भरतकामाची सुई, आणि हालचाल अशी की डोळा पोचत नाही. नायकासह कसलेले योद्धे मिळून त्याच्यावर तुटून पडतात, तरी त्यांचं काही चालत नाही. लिंगहू चोंगला फट दिसते, पण तिथे तलवार पोचेपर्यंत ती मिटलेली असते. हात, पाय, नजर, कशातच डोंगफांग बुबाई कमी नाही. मग नायकाची प्रेयसी यिंगयिंग त्या डोंगफांगच्या प्रियकराला जखमा करू लागते. त्याची किंकाळी ऐकून डोंगफांग बुबाईचं चित्त फाटतं. लढायचं की वाचवायला धावायचं? तेवढ्या दुविधेत तलवारी घुसतात. अख्ख्या कादंबरीतला सर्वांत वेगवान योद्धा तिथे पडतो, जिथे त्याला दोन गोष्टींमधून एक निवडायला वेळ लागला.

नवीन लेखकांपैकी कोणी इथे बसले असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘क्षणार्धात’, ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच’ ही आपली तयार नाणी सगळ्या वीरांच्या हातात सारखीच पडतात. त्यांनी कोण कसा वेगवान ते कळत नाही. पात्र रचताना त्याचा कमाल वेग शोधू नका. तो कुठे उशिरा पोचतो ते आधी ठरवा.

कुरोसावांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये क्युझो नावाचा तलवारबाज आहे. त्याची ओळख होते ती बांबूंच्या लढतीने. दोघांचे वार जवळजवळ एकदम बसतात. प्रतिस्पर्धी म्हणतो, बरोबरी झाली. क्युझो शांतपणे सांगतो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. समोरचा चिडतो, खऱ्या तलवारी निघतात, आणि केसभर आधी पोचलेला वार कोणाचा ते कोसळलेल्या देहावरून कळतं. चित्रपट एवढं करून आपल्याला पटवतो, की तलवारीच्या अंतरावर या माणसाला तोड नाही. शेवटच्या लढाईत मात्र तो पावसाचिखलात बंदुकीच्या गोळीने पडतो. चित्रपटात मेलेले चारही सामुराय गोळीनेच मेले आहेत. क्युझोचा हात त्या दिवशीही मंद झालेला नव्हता. त्याचा वेग तलवारीच्या टोकापर्यंतच होता आणि बंदूक त्याच्या पलीकडे होती. कुरोसावांनी ती हद्द कुठे संपते हे आधीच ठरवून ठेवलं होतं, म्हणून क्युझोचा मृत्यू आपल्याला पटतो आणि त्याची पहिली लढतही खोटी ठरत नाही.